कॉर्डिएराइट मोनोलिथवर कार्बन नॅनोफायबर: भिंती तडकतात, लेप सुटतो

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. द्रवातल्या हायड्रोजनेशनसाठी (रेणूला हायड्रोजन जोडण्यासाठी) उत्प्रेरकाचा आधार म्हणून ४०० सीपीएसआयच्या (चौरस इंचाला ४०० नळ्या) कॉर्डिएराइट मोनोलिथवर, म्हणजे आरपार बारीक नळ्या असलेल्या सिरॅमिकच्या ठोकळ्यावर, कार्बनचे नॅनोफायबर (अतिसूक्ष्म तंतू) वाढवतो आहे. तुकडा २.५ सेंमी व्यासाचा, ५ सेंमी लांब, वजन साधारण १० ग्रॅम.

कृती अशी: बोहमाइटच्या (अॅल्युमिनियमचं एक संयुग) सोलमध्ये, म्हणजे त्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेल्या पाण्यात, बुडवून ५०० अंशांना भाजलं. मग १ मोलर निकेल नायट्रेटमध्ये बुडवलं, ओव्हनमध्ये १२० अंशांना वाळवलं, ७५० अंशांना ४ तास भाजलं. क्वार्ट्झच्या नळीत ५५० अंशांना हायड्रोजनमध्ये १ तास रिडक्शन (निकेल ऑक्साइडचं धातूत रूपांतर). शेवटी ७०० अंशांना इथिलीन ५० आणि नायट्रोजन ५० मिली/मिनिट, २ तास.

वजन १४ टक्के वाढलं. पण तुकडा उभा कापला तर पुढचं टोक काळं चकचकीत, मधला भाग नुसता राखाडी. भिंतींना बारीक तडे, आणि अल्ट्रासोनिक बाथमध्ये लेपाचे पापुद्रे सुटतात. नळीच्या थंड टोकाला तपकिरी चिकट डाग पडतो. नेमकं कुठे बिनसतंय?

गॅमा_लेप

तडे जातात कारण निकेल नको तिथे बसलंय. कॉर्डिएराइटची भिंत स्वतः सच्छिद्र असते, छिद्रं काही मायक्रॉनची. तुमचा पातळ सोल त्या छिद्रांत शिरला आणि त्याच्यामागोमाग निकेलचं द्रावणही. मग फायबर भिंतीच्या पोटात वाढले. त्यांना जागा हवी असते, ती ते भिंत फोडून करून घेतात. दगडी भिंतीत पिंपळ रुजल्यासारखंच.

सोल सोडा, स्लरी करा. गॅमा अॅल्युमिना (सच्छिद्र अॅल्युमिनियम ऑक्साइड) पाण्यात बॉल मिलमध्ये दळा, ९० टक्के कण ५ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखाली येईपर्यंत. घन पदार्थ ३० ते ४० टक्के, बाइंडर म्हणून थोडा बोहमाइट, नायट्रिक अॅसिडने पीएच ४. मोनोलिथ आधी पाण्यात भिजवून नळ्यांतलं पाणी फुंकून टाका, म्हणजे छिद्रं पाण्याने भरलेली राहतात आणि स्लरी आत ओढली जात नाही. बुडवा, निथळा, हवेने नळ्या मोकळ्या करा, आडवं धरून फिरवत वाळवा, मग ५५० अंशांना भाजा. तापमान मिनिटाला २ अंशांनीच चढवा. एका वेळी जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. वजनाच्या ८ ते १० टक्के लेप पुरतो.

निकेल चढवण्याआधी लेपाची परीक्षा घ्या: पेट्रोलियम ईथरमध्ये अर्धा तास अल्ट्रासोनिक, वाळवून वजन. लेपाच्या वजनात काही टक्क्यांहून जास्त घट दिसली तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

निकेलकर

लेपाबद्दल सहमत. निकेल चढवायची पद्धतही बदला. नायट्रेटमध्ये बुडवून ओव्हनमध्ये वाळवलं की पाणी जिथून उडतं तिकडे मीठ सरकतं: टोकांना आणि बाहेरच्या नळ्यांत दाट, मध्ये विरळ. तुमचा मधला भाग राखाडी राहतो त्याला हेही एक कारण.

युरियाने बसवा. ९० अंशांना युरिया हळूहळू फुटतो, पीएच सगळीकडे सारखा चढतो आणि निकेल लेपावरच बसतं. १० ग्रॅमच्या तुकड्यावर ०.१ ग्रॅम निकेल हवं तर निकेल नायट्रेटचं हेक्साहायड्रेट मीठ ०.५ ग्रॅम लागतं. सगळं बसत नाही, म्हणून थोडं जास्त घ्या. युरिया निकेलच्या मोलच्या तिप्पट. द्रावण पंपाने नळ्यांतून फिरतं ठेवा, नाहीतर बराचसा गाळ भांड्याच्या तळाशीच साठेल. शेवटी पाण्याने नीट धुवा.

७५० अंशांना भाजणं तर साफ चूक. भाजल्यावर तुकड्याला निळसर झाक आली होती का? ते निकेल अॅल्युमिनेट (निकेल आणि अॅल्युमिना मिळून झालेलं संयुग), ५५० अंशांच्या रिडक्शनला ते दाद देत नाही. ४५० अंश, २ तास, बस. निकेलचे कण १० ते ५० नॅनोमीटरचे हवेत, फायबरची जाडी कणाच्या मापाने ठरते.

भट्टीवाला

हो, निळसर दिसत होतं! आता गॅसबद्दल. इथिलीनऐवजी मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साइड चालेल का?

गॅमा_लेप

मिथेन निकेलवर चालतो, पण त्याचं विघटन उष्णता खातं आणि वेग हवा तर तापमान वर न्यावं लागतं. तिथे निकेलचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात.

कार्बन मोनॉक्साइड निकेलबरोबर नकोच. २०० अंशांखाली निकेल कार्बोनिल बनतं, अतिशय विषारी. भट्टी तापताना आणि थंड होताना नेमका तोच टप्पा लागतो.

इथिलीनच ठेवा, पण ७०० अंशांना नाही. त्या तापमानाला इथिलीन निकेलपर्यंत पोचायच्या आधीच वायूत तुटायला लागतं. पुढच्या टोकाचा चकचकीत थर आणि थंड टोकाचा तपकिरी डांबरासारखा डाग, दोन्ही त्याचीच खूण. म्हणजे तुमचे १४ टक्के सगळे फायबर नाहीतच. खात्री करायची तर निकेल न लावलेला तुकडा त्याच परिस्थितीत ठेवा, वजन वाढता कामा नये.

निकेलकर

५५० ते ६०० अंश. रिडक्शन झालं की तुकडा थंड न करता नायट्रोजनने नळी धुवा, तापमान स्थिर करा, मग इथिलीन २५, हायड्रोजन १०, नायट्रोजन ६५ मिली/मिनिट. हायड्रोजन गाळू नका. निकेलच्या पृष्ठावर साचणारा कार्बन तो साफ करत राहतो. तो नसला की कण कार्बनच्या कवचात गुदमरतो आणि वाढ थांबते.

हिशोब सोपा आहे: २५ मिली इथिलीनमध्ये मिनिटाला सुमारे २४ मिलिग्रॅम कार्बन. त्यातला २० टक्के बसला तर तासाला ०.३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या तुकड्यावर ३ टक्के. ५–६ टक्क्यांवर थांबा. जास्त वाढवण्याच्या मोहात पुन्हा तडेच मिळतील. इथिलीनचं विघटन उष्णता सोडतं आणि कॉर्डिएराइट ती फारशी वाहून नेत नाही, म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीत नको, तुकड्याच्या मधल्या नळीत घाला. तुकडा आणि क्वार्ट्झमधली फट क्वार्ट्झ वूलने बुजवा, नाहीतर गॅस बाजूनेच निघून जातो.

थंड करताना फक्त नायट्रोजन. बाहेर काढण्याआधी नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन सोडून निकेलवर ऑक्साइडचा पातळ थर बसू द्या, ताजं निकेल हवेत पेट घेऊ शकतं. कापताना पी१०० मास्क लावा आणि तुकडा ओला ठेवा. पहिल्या खेपेला १ तासच चालवा आणि पुढचा, मधला, मागचा असे तीन काप वेगवेगळे टीजीएमध्ये (तापवत वजन मोजणारं यंत्र) हवेत जाळून त्यांतला कार्बन बघा. मागच्या कापातला कार्बन पुढच्याच्या निम्म्याहून कमी भरला तर इथिलीनचा टक्का तोच ठेवून एकूण प्रवाह वाढवा.