हर्णै-दाभोळ-गुहागर: आवाज रेकॉर्ड करायचेत, वारा कसा आवरायचा?

सागरगोटा:
डिसेंबरात हर्णै, दाभोळ, गुहागर असा बेत आहे. फोटो सगळेच काढतात, मला मासळीचा लिलाव, फेरीबोट, लाटा, सुरूच्या बनातली सळसळ हे आवाज हवेत. हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर आहे, त्यावर काळा स्पंज. चौपाटीवर चाचणी घेतली तर नुसती घरघर. माइक नवा घ्यावा का?

कानसेन:
माइक राहू दे, केसाळ टोपी घ्या. स्पंज बोलतानाची फुंकर अडवतो, दर्यावरच्या वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. तयार मिळाली नाही तर लांब केसांच्या नकली फरची शिंप्याकडून शिवून घ्या. घेताना कापडातून फुंकून पाहा, फुंकर आरपार जायला हवी. नाहीतर वरचे स्वर दबतात. टोपी स्पंजावरूनच चढवा, माइकला चिकटवू नका.

त्याहून मोठी गोष्ट वेळेची. जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात ते संध्याकाळपर्यंत. पहाटे मतलई वारे, तेही बहुधा मंद. म्हणून लाटा उजाडायच्या आत घ्या. लो-कट, म्हणजे खालची घरघर कापणारा फिल्टर, 80 हर्ट्झला ठेवा, पण वाऱ्याच्या धक्क्याने आवाज एकदा फाटला की फिल्टर काही करत नाही.

लांबून समुद्र म्हणजे सपाट खरखर, गुहागरच्या पुळणीवर तर हमखास. फुटणाऱ्या लाटेपासून चार-पाच पावलांवर उभे राहा. नाहीतर ओहोटीला खडपांच्या कपारीत शिरणारं पाणी घ्या, त्यात गुडगुड, चुबुक, फस्स असं बरंच काही असतं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, ती बघूनच खडपांवर उतरा.

खाडीपल्याड:
रेकॉर्डरची सेटिंग अशी: वेव्ह (WAV, न दाबलेली) फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. स्टिरिओला तासाला साधारण 1 जीबी लागतो, कार्डाची चिंता नको. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, मात्र बंदच करा! ती चालू असली की लाट फुटताना आवाज दबतो, ओसरताना फुगतो आणि समुद्र दम लागल्यासारखा वाटतो. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलपर्यंत जाऊ द्या. लिलावात उणे 18, कारण बोली कधी कानाशी येईल सांगता येत नाही. तिथे होडीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि मावशींना आधी विचारा.

दाभोळ-धोपावे फेरीत ऐकण्यासारखं म्हणजे रॅम्प उतरतानाचा साखळ्यांचा खणखणाट. धक्का जवळ आला की लगेच सुरू करा. रेकॉर्डर कठड्यावर टेकवू नका, इंजिनची थरथर लोखंडातून थेट माइकात येते. हातात धरा, कोपर अंगाशी.

सागरगोटा:
टोपी शिवायला टाकतो. सोबतच्यांकडे फक्त फोन आहे, त्यावर काही जमेल?

कानसेन:
जमेल, पण फोन लाटेला गोंगाट समजून पुसून टाकतो. वेव्ह फाइल देणारं आणि आवाज साफ करण्याची सोय बंद करता येणारं अ‍ॅप घ्या, फोन विमान मोडवर टाका. सुरुवातीला जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी हे बोला. मग तीन मिनिटं गप्प, पिशवीची चेनसुद्धा ओढायची नाही.

रात्री रेकॉर्डर कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवा, खारी हवा जोडण्या खाते. एसी खोलीतून बाहेर पडल्यावर डबा अर्धा तास उघडू नका, थंड माइकवर लगेच दव धरतं.