समस्या सोडवणे एवढीच अभियंत्याची ओळख आहे का?

प्रश्न : अभियंता म्हणजे समस्या सोडवणारा माणूस, असे शिकत असताना आमच्या मनावर सतत ठसवले गेले. आठ वर्षे नोकरी केल्यावर हे वर्णन मला अपुरे वाटू लागले आहे, कारण समस्या डॉक्टरही सोडवतात आणि वकीलही. मग या व्यवसायाची स्वतःची ओळख नेमकी कशात आहे? इतिहासातील दाखले देऊन कोणी लिहिले, तर आभारी राहीन.

प्रतिसाद १ : खरी समस्या कोणती, हे हेरण्यात ती आहे, असे मला वाटते. इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांना १७५६ मध्ये इंग्लंडजवळच्या समुद्रातील एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधायचे होते. मागणी मनोऱ्याची होती. परंतु लाटांच्या माऱ्यात दगडांचे सांधे टिकायचे, तर पाण्याखालीही घट्ट होणारा चुना हवा, हे त्यांनी ओळखले. निरनिराळ्या चुन्यांचे गोळे वळून त्यांनी ते पाण्यात ठेवून पाहिले, चुनखडी आम्लात विरघळवून तळाशी उरलेला गाळ तपासला, आणि जिच्यात चिकणमाती असते त्याच चुनखडीचा चुना पाण्यात धरतो, हे शोधून काढले. १७५९ मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा शतकाहून अधिक काळ उभा राहिला. पुढे तो बदलावा लागला, तोही पायाखालचा खडक झिजल्यामुळे.

प्रतिसाद २ : हे मान्य आहे, पण निदान झाल्यावर काम थांबवण्याचे काय? कॅनडातील क्वेबेक पुलाचा मुख्य गाळा (दोन खांबांमधले अंतर) १६०० फुटांवरून १८०० फुटांपर्यंत वाढवण्यात आला, तरी पुलाच्या स्वतःच्या वजनाचे गणित वेळीच नव्याने मांडले गेले नाही. खालचे पोलादी भाग वाकू लागल्याचे जागेवरच्या तरुण अभियंत्याने मोजून पाहिले आणि सल्लागार थिओडोर कूपर यांना ते सांगण्यासाठी त्याने न्यूयॉर्क गाठले; इकडे मात्र ते भाग मुळातच वाकडे होते का, यावर वाद चालू राहिला आणि बांधकामही चालू राहिले. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळून ७५ कामगार मृत्युमुखी पडले. समस्या दिसलेली होती, मोजलेलीही होती. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस तेवढा जागेवर नव्हता.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. गेल्या वर्षी आमच्याकडे एका पंपाचे बेअरिंग तीनदा बदलावे लागले. चौथ्या वेळी पाया उकरून पाहिला, तेव्हा पंपाला पायाशी जखडून ठेवणारे अँकर बोल्ट सैल निघाले. आधीच्या तिन्ही अहवालांवर ‘समस्या सुटली’ असे लिहून सही मीच केली होती.