आधी डब्याचा नंबर टिपा

गाडीच्या डब्यांवर आणि बसथांब्यांवर पोरं रंगाने अक्षरं काढून ठेवतात (ग्राफिटी), त्याबद्दल 'तीनदा तक्रार केली, रंग तसाच' असं एकाने म्हटलंय. पण तक्रारीत नुसतं 'डबा रंगवलाय' लिहिलं असेल तर तो शोधणार कसा? गाडी संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे गेलेली असते. डब्यावर रंगवलेला क्रमांक असतो, बहुतेकदा आत दाराच्या वरही. तो, वेळ आणि एक फोटो, एवढं दिलं की काम डेपोत थेट पोचतं. थांब्याचं मात्र वेगळंच त्रांगडं! शेड कधी जाहिरात कंपनीची, खांब पालिकेचा. आधी मालक शोधा.

उत्साहाच्या भरात स्वतः थिनर घेऊन जाऊ नका. पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) काचेवर थिनर लागला की ती कायमची धुरकट होते, मग अक्षरं परवडली म्हणायची वेळ येते. आणि टोकदार वस्तूने कोरलेलं असेल तर पुसण्याचा प्रश्नच नाही, काच किंवा तिच्यावरची फिल्मच बदलावी लागते.

न्यूयॉर्कच्या सबवेने (भुयारी रेल्वेने) १९८४ पासून नियमच केला होता: साफ केलेला डबा पुन्हा रंगला तर पुसल्याशिवाय धावणार नाही. १९८९ च्या मे महिन्यात शेवटची रंगलेली गाडी सेवेतून गेली. आपली कला कुणी पाहणारच नसेल तर पोरं रात्री कशाला जागतील?