गावातलं नीट केलेलं घर विकलंत? अनुभव लिहा

घाटावरची

वाईतलं आमचं मधल्या आळीतलं घर मागच्या मार्गशीर्षात विकलं. चौदा गिऱ्हाइकं घर बघून गेली. त्यातून जे शिकले ते लिहिते, तुम्हीही लिहा.

2018 मध्ये आई-बाबांसाठी घर नीट करून घेतलं होतं. झोपायची खोली खाली आणली, कमोड बसवला, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे लावले, पत्रे काढून स्लॅब टाकला. साडेअकरा लाख गेले. विकायला काढल्यावर एजंटला मी मोठ्या कौतुकाने बाथरूम दाखवायला नेलं. तो दारातूनच म्हणाला, "ताई, ते राहू दे. गाडी कुठं लावायची ते दाखवा."

तिथेच पाणी मुरत होतं. आळीत रिक्षा येते. चारचाकी आली तर परत उलटी काढावी लागते. आई पंच्याहत्तरीपर्यंत मंडई, बँक, ढोल्या गणपती, दवाखाना सगळं पायी करायची, कारण आळीत गाड्यांची वर्दळच नाही. ज्या बोळाने आईला हिंडतं-फिरतं ठेवलं, तोच बोळ बघून पुण्याची गिऱ्हाइकं परत जायची. दोघांनी तर फक्त जागेचाच भाव केला, "पाडूनच बांधणार ना आम्ही." म्हणजे दांडे, ग्रॅनाइट, स्लॅब सगळ्याची किंमत शून्य.

एका तरुण जोडप्याला घर मनापासून आवडलं होतं. त्यांच्या बँकेने स्लॅबचा नगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा मागितला. आम्ही स्लॅब टाकताना फक्त गवंड्याला विचारलं होतं! कर्ज फिसकटलं, सौदाही.

शेवटी घेतलं एका निवृत्त शिक्षक जोडप्याने. बाई घरात शिरण्याआधी मनगटावरच्या घड्याळात बघत मंडईपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मग कट्ट्यावर टेकल्या आणि विचारलं, "पावसाळ्यात नदी कुठवर येते?" खरं ते सांगितलं. कृष्णाबाईच्या उत्सवात गर्दी असते, रात्री उशिरापर्यंत आवाज असतो, हेही सांगितलं. म्हणाल्या, "मग बरंच आहे की." दांडे काढू नका, एवढी एकच अट घातली त्यांनी.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणच्या बाजारपेठेलगतचं घर. 22 जुलै 2021 च्या पुरात तळमजला बुडाला. त्यानंतर सगळं नव्याने केलं: ओट्याखालचं प्लायवूड काढून कडाप्प्याची मांडणी, मीटर आणि बटणं डोक्याच्या वर, कपाटं भिंतीला टांगलेली. वडिलांनी जिन्यापाशी पाणी आलं होतं तिथे ऑइलपेंटने रेघ मारून तारीख घातली होती. विकताना एजंट म्हणाला, ती रेघ रंगवून टाका. भावालाही तसंच वाटत होतं. मी नाही म्हटलं. चिपळूणात 2005 आणि 2021 चं पाणी कुणाला माहीत नाही? गिऱ्हाईक शेजाऱ्याला विचारणारच, आणि शेजारी हात दोन हात वाढवूनच सांगणार.

झालं उलटंच. घेणारे इथलेच, भाड्याने राहणारे. त्यांनी रेघेला हात लावून पाहिला, मग बटणांकडे बघितलं, मग भाव बोलले. पूररेषेचा नकाशा आम्हीच पुढे ठेवला. भाव कमी आला, पण नंतर भांडण नाही.

हिशेबनीस

सगळ्यांनी घर नीट केल्याची बिलं जपून ठेवा हो! विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना, घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या तारखेचं मूल्य मूळ किंमत म्हणून धरता येतं, आणि त्यानंतर घरात घातलेला खर्च त्यात मिळवता येतो. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी नाही. स्लॅब, नवी खोली, नवं बाथरूम वगैरे. आमच्या गवंड्याने सगळं रोखीत घेतलं आणि वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला. ते पान बघून सीए नुसतेच हसले.

दुसरा घोळ बहिणीचा. ती कॅनडात. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला, घर त्याआधी घेतलेलं असेल तर, मला नफ्यावर 12.5 टक्के कर किंवा मूळ किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून 20 टक्के, यातलं कमी पडेल ते घेता आलं. ती अनिवासी, म्हणून तिला ही निवड नाही. शिवाय तिच्या वाट्याच्या पूर्ण किमतीवर घेणाऱ्याने कर कापायचा असतो, नफ्यावर नाही. कमी कपातीचा दाखला आधी आयकर खात्याकडून काढावा लागतो. आम्हाला हे इसार घेतल्यावर कळलं. घेणारा बिचारा दोन महिने थांबला.

मोती तलाव

सावंतवाडी, सालईवाडा. चौघे भाऊ, घर मोठ्याच्या ताब्यात. त्याने हौसेने मंगलोरी कौलं काढून रंगीत पत्रा घातला, ओटीवरचा लाल कोबा उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या. घर बघायला आले ते मुंबईचे, मूळचे आमच्याच बाजूचे. तलावाला फेरी मारून, बाजारातून चालतच आले. आत पाय टाकला आणि पहिला प्रश्न, "पयली कौलां खंय गेली?" कौलं शेजाऱ्याच्या मांगरावर (खोपटावर) गेलेली! त्यांना जुनंच घर हवं होतं. दोन लाख खर्चून आम्ही घराची किंमत उतरवून ठेवली होती.

हक्कसोडपत्रं मात्र पटापट झाली, कारण तोपर्यंत चौघांचंही भांडून झालं होतं.

फोंडेकर

आमच्या गोव्यात गंमत वेगळी. नागरी कायदा पोर्तुगीज काळापासूनचा, नवरा-बायकोची मिळकत सामायिक. त्यामुळे वारस बहिणींबरोबर त्यांच्या नवऱ्यांच्याही सह्या लागल्या. एक भावजी आमच्याशी आठ वर्षं बोलत नव्हते. सहीला आले, चहा घेतला, सही केली, तरी बोलले नाहीत.

घाटावरची

हिशेबनीस, आमचाही हिशेब वहीच्या पानावरच!

फोंडेकर, तुमच्या भावजींना नमस्कार सांगा.

पेठेतला

मिरजेचं घर काढायचं आहे. आम्ही सगळे पुण्यात. गिऱ्हाइकाला घर उघडून दाखवायला कुणाला सांगितलंत? दर वेळी जाणं परवडत नाही.

घाटावरची

पहिले दोन महिने किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. काकू प्रेमळ. पण येणाऱ्या प्रत्येकाला सरबत देऊन घराचा सगळा इतिहास सांगायच्या, त्यात चुलत्यांनी 1987 मध्ये घातलेला दावासुद्धा. दावा कधीच निकाली निघाला होता, पण हे काकू सांगायच्याच नाहीत. त्यात तीन गिऱ्हाइकं गेली. मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत किल्ली ठेवली. गिरणी चालू असताना तिथे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.