वापरलेलं इन्सुलिन पेन, सेन्सर, ग्लुकोमीटर कंपनीला परत पाठवायचं, तर पॅकिंग कोणी द्यायचं?

सातपूर_बायोमेड

बिघडलेलं पेन किंवा मीटर तपासणीला पाठवायचं म्हटलं की कंपनीच्या ग्राहक सेवेतून ठरलेलं उत्तर येतं: "नीट पॅक करून कुरिअर करा." नीट म्हणजे कसं, ते कोणी सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे. वापरलेली वस्तू ज्या कंपनीला परत हवी आहे, तिनेच पॅकिंगचा संच, मराठीत छापलेल्या सूचना आणि घरून पिकअप द्यावं. ते मिळेपर्यंत ग्राहकाने वस्तू घराबाहेर काढू नये.

नियम फार नाहीत, पण काटेकोर आहेत. तपासणी, दुरुस्ती किंवा निर्जंतुकीकरणासाठी जाणाऱ्या वापरलेल्या उपकरणाला आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमावलीत संसर्गजन्य मालाच्या नियमांतून सूट आहे. अट अशी की नेहमीच्या हाताळणीत पॅकिंग फुटता, टोचता किंवा गळता कामा नये, १.२ मीटरवरून पडलं तरी वस्तू आतच राहायला हवी, आणि खोक्यावर इंग्रजीत 'यूज्ड मेडिकल डिव्हाइस' लिहिलेलं हवं. कचऱ्याला ही सूट नाही. वापरलेल्या सुयांची बाटली 'तुम्हीच विल्हेवाट लावा' म्हणून कंपनीला पाठवली, तर तो यूएन ३२९१ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) खाली येणारा वैद्यकीय कचरा झाला. साधं कुरिअर तो घेऊच शकत नाही.

आता पेनकडे बघा. सुई लावलेलीच ठेवून पेन पाठवलं, तर 'टोचता कामा नये' ही अट तिथेच मोडते. शिवाय सुई उघडी वाट ठेवते. गाडीत तापमान वरखाली झालं की कार्ट्रिजमधून (पेनमधल्या इन्सुलिनच्या नळीतून) इन्सुलिन गळतं, थंड झालं की हवा आत शिरते. प्रयोगशाळेत पेन पोचतं तेव्हा बुडबुडा प्रवासातला की आधीचा, हे सांगता येत नाही. डोस कमी पडतो ही तक्रारच तिथे निकामी होते. हे सगळं सत्तरीच्या आजींनी ओळखून पॅकिंग करावं, अशी अपेक्षा कंपनी कशी ठेवते?

गोळे_कॉलनी_फार्मसी

साहेब, नियम बरोबर सांगितलेत, निष्कर्ष पटला नाही. संच येईपर्यंत थांबा म्हणता, तोवर वस्तूचं काय होतं? उघडलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे वापरायचं असतं, तेही ३० अंशांच्या आत ठेवून. एप्रिल-मेमध्ये इथे नाशिकला पारा चाळिशीला टेकतो. आठवडाभर वाट बघून पाठवलेल्या नमुन्यावर कंपनी सरळ 'साठवण चुकीची' असा शेरा मारते.

घरातल्या सामानात चांगलं पॅकिंग होतं. सुईवर मोठं बाहेरचं टोपण बसवायचं आणि त्याच्यासकट फिरवून सुई काढायची. आतलं बारीक टोपण परत लावायला जाऊ नका, बोटाला टोचतं ते तिथेच. सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायची आणि बाटली पाऊण भरली की झाकण टेपने पक्कं करायचं. पेन झिपच्या पिशवीत, भोवती चारपाच टिश्यू, मग दुसरी झिपची पिशवी, मग कडक डबा, मग पाच पदरी खोका. रिकामी जागा कागदाने ठासून भरायची, हलवल्यावर आत आवाज येता कामा नये. पत्र आणि बॅच नंबरचा कागद दोन्ही पिशव्यांच्या बाहेर ठेवा, आत ठेवला तर भिजतो. शुक्रवारी बुक करू नका, रविवार गोदामात जातो. सोमवार किंवा मंगळवार बरा. बर्फाचा पॅक घातलाच तर पेनला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलेलंच असतं.

मायक्रो_गंगापूररोड

दोघांकडूनही धुण्यापुसण्याचं राहिलं, आणि गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. तक्रार ज्या भागाबद्दल आहे तो भाग धुवायचा नाही. बाकीचं बाहेरून पुसायचं.

त्वचेवर चिकटवायच्या साखरेच्या सेन्सरचं उदाहरण घ्या. त्वचेखाली राहिलेली केसासारखी तार आणि तिच्यावरचा एन्झाइमचा थर, पुरावा तेवढाच. स्पिरिटचा बोळा फिरवला की तो गेला. सेन्सर जसा निघाला तसा, गोंदासकट, दुहेरी पिशवीत ठेवा. अ‍ॅप्लिकेटर (सेन्सर त्वचेत बसवायचं साधन) सोबत पाठवायचा असेल तर त्याच्या आत सुई असते. ती सुटी करायच्या भानगडीत न पडता झाकण बसवून कडक डब्यात ठेवा.

ग्लुकोमीटर बाहेरून ७० टक्के अल्कोहोलच्या पुसणीने पुसा. पुसणी ओली असावी, टपकणारी नको. रक्ताची पट्टी घालायच्या खाचेत थेंब गेला तर आतले धातूचे संपर्क गंजतात आणि मीटर नवीन दोष घेऊन पोचतो. हायपोक्लोराइट तर नकोच, धातू खातं. श्वासाच्या मशीनला (सीपॅप) वेगळा धोका. ह्युमिडिफायरची (हवेला ओलावा देणाऱ्या भागाची) टाकी रिकामी करून, सुकवून वेगळी पॅक करा. टाकी आत ठेवून खोका आडवा झाला की उरलेलं पाणी मोटरमध्ये उतरतं, आणि तपासणीत 'पाणी गेल्यामुळे बिघाड' असं नोंदवलं जातं. मास्क आणि नळी कंपनीने मागितली तरच पाठवा.

आणि काय पुसलं, कशाने पुसलं, काय मुद्दाम पुसलं नाही, हे तीन ओळींत लिहून खोक्यावर चिकटवा. खोका उघडणाऱ्या माणसाला हातमोजे घालायचे की नाही, ते त्यावरून कळतं.

नाशिकरोड_कार्गो

काउंटरवरची बाजूही मांडतो. 'मेडिकल' शब्द दिसला की बुकिंगवाला नाही म्हणतो, मग लोक 'घरगुती सामान' लिहून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. इथून निघालेली बरीच पाकिटं रस्त्याने मुंबईला जाऊन पुढे विमानात चढतात. खोटं वर्णन हा विमान वाहतुकीच्या नियमांत गुन्हा आहे, आणि तो पाठवणाऱ्याच्या नावावर लागतो, कंपनीच्या नाही.

सगळ्यात मोठी अडचण बॅटरीची. साधे एएए सेल काढून घ्या, विषय संपला. नाण्याएवढा लिथियम सेल मीटरच्या आत बसलेला असेल तर चालतो, सुटा सेल खोक्यात टाकू नका. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन देणाऱ्या मशीनची) लिथियम-आयन बॅटरी असेल तर आधी विचारा. बॅटरी फुगलेली, तापणारी किंवा कंपनीने धोकादायक म्हणून परत मागवलेली असेल तर तिला विमान पूर्ण बंद आहे. मग रस्त्याने, तेही त्या मालाची सोय असलेल्या वाहतूकदाराकडूनच. हे घरच्या माणसाला जमणार नाही. म्हणून बॅटरीच्या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पेनच्या बाबतीत फार्मसीवाल्यांच्या.

वकील_सीबीएस

पॅकिंग कोणी द्यायचं यावर वाद चाललाय, पण एकुलती एक वस्तू कंपनीच्या हाती द्यायचीच कशाला? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधलं कलम ३८ बघा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग नमुना घेतो, सील करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. वस्तू कंपनीकडे जाऊन नष्ट झाली तर आयोग सील काय करणार? इजा झाली असेल तर वस्तू घरीच ठेवा आणि कंपनीला लेखी कळवा की तपासणी आमच्या समक्ष करा.

सातपूर_बायोमेड

वकीलसाहेब, इथे मात्र मी तुमच्या विरोधात. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे अनपेक्षित गंभीर दुष्परिणामाचा संशय कळल्यापासून १५ दिवसांत परवानाधारकाने (म्हणजे कंपनीने) परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. वस्तू घरी अडकून पडली तर कंपनीला मूळ कारण सापडत नाही, आणि त्याच बॅचच्या पट्ट्या शहरात विकल्या जात राहतात. एका घराचा दावा मजबूत करायला बाकीच्यांना धोक्यात ठेवणं मला पटत नाही.

वकील_सीबीएस

कळवू नका असं मी कुठे म्हटलं? कळवायला वस्तू लागत नाही, बॅच नंबर लागतो. औषधं-उपकरणांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ ही टोल फ्री लाइन आहे. मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा) कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे आणि रुग्णही तिथे नोंद करू शकतो. आधी तिथे नोंद, मग वस्तूचा निर्णय.

गोळे_कॉलनी_फार्मसी

मीटरच्या बाबतीत दोघांचंही साधेल. त्याच बॅचची पट्ट्यांची दुसरी सीलबंद बाटली मिळाली तर घरी ठेवा, उघडलेली पाठवा. एकाच बाटलीतल्या पट्ट्या अर्ध्या करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. बाटलीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो. पिशवीतल्या पट्ट्या पावसाळ्यात लवकर दमट होतात आणि दोन्ही बाजूंचे आकडे निरुपयोगी ठरतात.

पाठवण्याआधी कंट्रोल सोल्यूशनने (साखरेचं प्रमाण ठरलेल्या द्रावाने) एक चाचणी करून बाटलीवरच्या मर्यादेसकट फोटो काढा. आणि प्रयोगशाळेच्या आकड्याशी थोडा फरक दिसला म्हणून लगेच खोका बांधू नका. आयएसओ १५१९७ या ग्लुकोमीटरच्या मानकाच्या निकषात साखर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅम आणि १०० पासून वर १५ टक्के एवढी सूट आहे. प्रयोगशाळेत २०० आणि मीटरवर २२५ आले, तर तो फरक निकषात बसतो.

मायक्रो_गंगापूररोड

एक भर. 'ई-कचऱ्यात देऊन टाका' हा सल्ला सरसकट देऊ नका. ई-कचरा नियम २०२२ च्या यादीत वैद्यकीय उपकरणं आहेत, पण शरीरात बसवलेली आणि संसर्ग झालेली वगळून. पुसलेलं, सेल काढलेलं मीटर जाईल, रक्त लागलेला सेन्सर नाही.

सातपूर_बायोमेड

मान्य. पण गोळे कॉलनीवाल्यांनी सांगितलेल्या पायऱ्या कंपनीच्या डब्यात एका पानावर छापून का येत नाहीत, हा प्रश्न तसाच आहे. पाच पदरी खोका, दोन पिशव्या, एक लेबल. हा खर्च कंपनीला जड नाही.

गोळे_कॉलनी_फार्मसी

छापून यायलाच हवं, त्यात दुमत नाही. तोवर आमच्या काउंटरवर ते पान झेरॉक्स करून ठेवायला काही अडत नाही. फक्त सुया आमच्याकडे आणून देऊ नका, औषध दुकानाला तो कचरा गोळा करायची परवानगी नसते. बंद बाटलीवर मार्करने 'सुया' लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी, सांगून द्या. ओल्या-सुक्यात टाकलीत तर वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हाताला लागते.