बडीबरोबरची पहिली स्वतंत्र डाइव्ह: हवेचा हिशोब कोणाच्या सिलिंडरवर मांडावा?

नीलिमा_पुणे (प्रश्न)

मी आणि माझ्या मावसभावाने यंदा स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केला असून आमच्या प्रत्येकी 6 डाइव्ह झाल्या आहेत. डिसेंबरमध्ये मुरुडेश्वरहून बोटीने नेत्राणी बेटावर जाऊन एका दिवसात दोन डाइव्ह कराव्यात, असा विचार आहे. गाईड बरोबर असेलच, पण एका गाईडमागे चार-पाच जण असतात असे कळते. माझी अडचण अशी की मी हवा फार लवकर संपवते. मागच्या डाइव्हला सरासरी खोली 10 मीटर आणि वेळ 40 मिनिटे होती. दोघांनीही 200 बारवर (बार म्हणजे सिलिंडरमधील हवेच्या दाबाचे एकक) सुरुवात केली. शेवटी माझ्याकडे 50 आणि भावाकडे 90 बार उरले. माझ्यामुळे त्याला लवकर वर यावे लागले याचे वाईट वाटते. असा फरक असताना बेत कोणाच्या हवेवर आखावा, आणि गाईड सोबत असताना बडीने, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराने, नेमके काय करायचे असते? शिवाय त्याच संध्याकाळी गाडीने पुण्याला निघायचे आहे. ते चालेल का?

भांगाची_भरती

तुम्ही आकडे दिलेत हे उत्तम झाले, कारण त्यातूनच उत्तर निघते. भाड्याने मिळणारे ॲल्युमिनियमचे सिलिंडर साधारण 11 लिटरचे असते, म्हणजे 150 बार वापरले की सुमारे 1650 लिटर हवा गेली. ती 40 मिनिटांत गेली, म्हणून मिनिटाला 41 लिटर. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला सुमारे 21 लिटर. याच रीतीने भावाचे 15 लिटर येतात. नवख्या माणसाला 21 लिटर काही लाजिरवाणे नाही, आणि वाईट वाटून घेऊन कमी श्वास घेण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

आता 15 मीटरची डाइव्ह धरू. तेथे दाब अडीचपट, म्हणून तुम्ही मिनिटाला सुमारे 4.8 बार वापराल. वर निघायचे केव्हा, हे ठरवताना एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा: भावाचा रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा तोंडाशी आणणारे उपकरण) बिघडला आहे आणि तो तुमच्या ऑक्टोपसवर (जोडीदारासाठीच्या जादा रेग्युलेटरवर) श्वास घेतो आहे. दोघेही घाबरलेले, म्हणून प्रत्येकी 30 लिटर, एकूण 60 धरा. सावरण्यासाठी तळाशी एक मिनिट म्हणजे 150 लिटर. मिनिटाला 9 मीटरच्या आतल्या वेगाने वर यायला दोन मिनिटे, त्यासाठी 210. आणि 5 मीटरवर सुरक्षेसाठीच्या तीन मिनिटांच्या थांब्यासाठी 270. बेरीज 630 लिटर, म्हणजे सुमारे 57 बार. अगदीच निकड पडली तर थांबा सोडता येतो, पण बेत आखताना तो सोडून आखू नये. तुमच्या सिलिंडरमधील हे शेवटचे 57 बार खरे तर भावासाठी राखलेले असतात, आणि त्याच्याकडचे तुमच्यासाठी. गेजची (दाब दाखवणाऱ्या काट्याची) चूक आणि बोटीपर्यंतचे पोहणे धरून मी 80 बारवर वर निघायचे ठरवले असते. म्हणजे 200 वरून तळाशी तुम्हाला 25 मिनिटे मिळतील आणि तेव्हा भावाकडे सुमारे 115 बार असतील. बेत अर्थातच तुमच्या हवेवर. त्याला अधिक वेळ हवा असेल तर दोघांनी 10 मीटरवरच राहावे. उथळ पाण्यात तुमची हवा आपोआप पुरते. ओपन वॉटरची 18 मीटरची मर्यादा तुम्हाला माहीत असेलच.

तारीख निवडताना पंचांग पाहायला हरकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणामुळे प्रवाहाला ओढ असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीत पाणी संथ असते, आणि प्रवाहाविरुद्ध फिन्स मारण्याइतकी हवा दुसरे काहीही खात नाही.

खारा_वारा

वरील हिशोबाशी सहमत आहे. मी बडीबद्दल लिहितो. गाईड वाट दाखवतो, तो पुढे असतो आणि त्याची पाठ तुमच्याकडे असते, त्यामुळे तुमचा रेग्युलेटर बंद पडला तर ते त्याला लगेच दिसेलच असे नाही.

काही वर्षांपूर्वी मालवणजवळ मी व माझा मित्र गढूळ पाण्यात उतरलो होतो. बोटीवर घाई चालली होती आणि एकमेकांची तपासणी आम्ही केवळ अंगठे दाखवून उरकली. (पाण्याखाली उभ्या अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो, हे विसरून!) 8 मीटरवर श्वास जड येऊ लागला म्हणून मी गेज पाहिले, तर प्रत्येक श्वासाबरोबर काटा खाली जाऊन पुन्हा वर येत होता. सिलिंडरचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला होता. मित्र हाताच्या अंतरावर होता म्हणून त्याने मागून तो पूर्ण उघडला. तो तीन मीटर दूर असता तर त्या पाण्यात मला दिसलाही नसता. तेव्हापासून बोटीवरच गेजकडे पाहत रेग्युलेटरमधून चार-पाच मोठे श्वास घेतल्याशिवाय मी उडी मारत नाही. काटा जरा जरी हलला तरी व्हॉल्व्ह पाहायचा.

भावाच्या बीसीडीचे (हवा भरून तरंगण्याच्या जाकिटाचे) बटण, वजनांचा पट्टा कोणत्या बाजूने सुटतो, त्याचा ऑक्टोपस कोठे अडकवला आहे, हे हाताने चाचपून पाहा. भाड्याच्या सामानात दोन संच क्वचितच सारखे असतात. कोणी कोणत्या बाजूला पोहायचे तेही आधीच ठरवा आणि ती बाजू बदलू नका. 100 बार झाले की न विचारता एकमेकांना सांगा. चुकामूक झाली तर एक मिनिट आजूबाजूला शोधायचे आणि मग दोघांनीही सावकाश वर यायचे. दोघांना हा नियम सारखाच पाठ असेल तरच तो कामाचा, नाहीतर एक जण वर वाट पाहतो आणि दुसरा खाली शोधत हवा संपवतो.

घाटमाथा

परतीच्या प्रवासाबद्दल: त्याच संध्याकाळी निघू नका. लोक विमानाचे लक्षात ठेवतात आणि घाट विसरतात. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो, मग तुम्ही विमानात असा वा गाडीत. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक झाल्या असतील तर 18 तास थांबावे हा प्रचलित संकेत सुमारे 600 मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहे. घाट चढून तुम्ही बेळगावला पोचता तेव्हा 750 मीटरच्या आसपास असता. दोन डाइव्ह करणार आहात, तर रात्री मुरुडेश्वरलाच राहा आणि दुसऱ्या दिवशी जेवण करून निघा.

नीलिमा_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. मुक्काम एक रात्र वाढवला आहे आणि 80 बारचा आकडा भावालाही पटला. एक शंका उरते: मागच्या वेळी शेवटच्या थांब्याला मी सारखी वर उचलली जात होते. पट्ट्यातले वजन कमी पडत असेल का?

भांगाची_भरती

बहुधा तेच. 200 बारच्या सिलिंडरमधील हवेचेच वजन अडीच किलोच्या वर भरते आणि ती संपत आली की ॲल्युमिनियमचे सिलिंडर तरंगू लागते. म्हणून वजनाची परीक्षा डाइव्हच्या शेवटी घ्यावी: 50 बार उरलेले असताना, बीसीडी रिकामे करून, 5 मीटरवर स्थिर राहता आले पाहिजे. पहिल्या डाइव्हनंतर गाईडला सांगून एक किलो वाढवून पाहा, आणि दुसऱ्या डाइव्हला थांब्याच्या वेळी भावाला समोरासमोर राहायला सांगा.