‘कसं काढलंस?’ : मोबाइलवरचं गणित आणि आपली मुलं (अनुभव धागा)

मे महिन्यात नागपुरातल्या आमच्या बिल्डिंगमधलं एकही पोरगं दुपारी खाली उतरलं नाही. पारा ४५च्या घरात, उतरणार तरी कसं? विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात. तोवर मुलं घरात, आणि घरात म्हणजे मोबाइलवर. मोबाइल हातात आहेच तर थोडं गणित तरी होऊ दे, असं म्हणून आपण बहुतेक सगळ्यांनी काही ना काही करून पाहिलंय. ऑनलाइन शिकवणी, पाढ्यांचे खेळ, कोडी, काहीही. ते इथे सांगा. ‘मस्त आहे’, ‘बेकार आहे’ एवढंच नको. मूल नेमकं कुठे अडलं होतं आणि पुढे काय झालं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मी मानेवाड्याला राहते, लेक तिसरीत आहे. तिच्यासाठी वजाबाकीचा एक खेळ घेतला होता. बरोबर उत्तराला नाणी, चुकलं की फुगा फुटतो. ५२ − २७ ला ती ३५ लिहायची. ४१ − १८ ला ३७. फुगा फुटायचा, पुढचं गणित यायचं, पुन्हा फुगा. महिनाभर रोज खेळूनही चूक तीच. मला वाटायचं, लक्ष नाही हिचं. ओरडलेही तिला, आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

मग धरमपेठेतल्या एका मॅडमकडे ऑनलाइन शिकवणी लावली. पहिल्याच दिवशी लेकीने ३५ लिहिलं. मॅडम ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “कसं काढलंस, मला सांग बरं.” ती म्हणाली, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले.” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लेक अंदाजाने काही लिहीत नव्हती. तिचा एक नियम होता आणि ती तो अगदी प्रामाणिकपणे पाळत होती.

मॅडमनी तिला दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी आणायला सांगितली. “आता मला २७ रुपये दे.” तिने दोन नोटा कॅमेऱ्यासमोर बाजूला ठेवल्या. सात रुपये द्यायला गेली तर हातात दोनच नाणी. बराच वेळ नुसती बघत बसली. मग उठून स्वयंपाकघरात माझ्याकडे आली, “आई, दहाचे सुट्टे दे ना.” हातचा म्हणजे काय, ते तिला तिथे कळलं. फुगा फोडणाऱ्या खेळाला हे विचारता येत नाही. म्हणून मला तुमचे अनुभव हवेत.

महाल, निवृत्त गणित शिक्षक

नागपुरात पहिला करोना रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला आणि पाठोपाठ शाळांना कुलूप लागलं. माझे काही विद्यार्थी काटोलकडच्या खेड्यांत आपापल्या घरी गेले. तिथे व्हिडिओ चालणं शक्यच नव्हतं, कित्येकांकडे साधा फोन. मग मी फोनवरच एक खेळ सुरू केला. आळीपाळीने आकडा म्हणायचा, आधीच्या आकड्यात एक किंवा दोन मिळवून. सुरुवात शून्यापासून. जो २० म्हणेल तो जिंकला.

पहिले दोन आठवडे मीच जिंकत होतो. सहावीतली एक मुलगी फार बोलायची नाही. एके दिवशी फोनवर म्हणाली, “सर, जो १७ म्हणतो तो हरतच नाही.” दुसऱ्या दिवशी, “१४ म्हणणारा पण.” चौथ्या दिवशी तिने मला विचारायच्या आत सांगून टाकलं : २, ५, ८, ११, १४, १७. “आज पहिला डाव माझा सर, मी दोन म्हणते.” त्या दिवशी मी हरलो आणि सौ.ला हाक मारून सांगितलं. तीनने भागल्यावर बाकी दोन उरणाऱ्या या संख्या, हे तिला समजवायला एक मिनिट पुरलं, कारण संख्या तिच्याच होत्या. त्यावर तिचाच प्रश्न आला, “एक, दोन किंवा तीन मिळवायची मुभा दिली तर?” मी गप्प राहिलो. तीच म्हणाली, “मग ४, ८, १२, १६. आणि मग पहिला डाव तुम्ही घ्या.”

चाळीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलो, पण त्या फोनइतकं मुलांचं बोलणं मी वर्गात ऐकून घेतलं नव्हतं.

कापरेकरांचा ६१७४ सुद्धा असाच फोनवर चालतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि येईल त्या उत्तराचं पुन्हा तसंच. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. देवळालीच्या एका शाळामास्तरांनी हे शोधलं, हे सांगितलं की मुलं जास्त आपुलकीने करतात.

हिंगणा रोड, आई

आमची अडचण साधी आहे, कूलर. तो चालू असला की शिकवणाऱ्या सरांना मुलाचा आवाज जात नाही, बंद केला तर पोरगं घामाने निथळतं. शेवटी सरांशी बोलून तास सकाळी साडेसातला घेतला. मार्क वाढले की नाही ते माहीत नाही, पण तो आता उत्तर देतो. आधी नुसती मान हलवायचा.

नंदनवन, वडील

माझं थोडं वेगळं आहे, पण सांगतो, कारण दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये. मी एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. एका कंपनीचा माणूस घरी आला, मुलाची टॅबवर पंधरा मिनिटांची परीक्षा घेतली आणि मुलासमोरच म्हणाला, “गणित फार कच्चं आहे, आत्ता लक्ष दिलं नाही तर दहावीला त्रास होईल.” मुलाचा चेहरा उतरला. ते पाहून मी सही केली. फी हप्त्याने भरायची असं वाटलं होतं, प्रत्यक्षात ते माझ्या नावावरचं कर्ज होतं. टॅब दोन महिन्यांत बंद पडला. शिकवणारे तीनदा बदलले. हप्ता मात्र पाच तारखेला खात्यातून जायचाच. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार केली. पाच महिन्यांनी राहिलेले हप्ते थांबले. भरलेले गेले ते गेलेच.

नंतर कळलं, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केलं होतं, की खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून मी इथे सांगतो आहे. पैशांपेक्षा मला त्या ‘कच्चं आहे’चा राग आहे. मुलगा वर्षभर तेच म्हणत राहिला, “बाबा, माझं गणित कच्चंच आहे न.”

(धागा सुरू करणारी : दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. फुकट काय आहे असं दोघांनी विचारलंय : बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. खान अकॅडमी (धड्यांचे व्हिडिओ) आणि जिओजेब्रा (आकृत्या काढून हलवून बघायचं ॲप) यांनाही पैसे लागत नाहीत.)

त्रिमूर्तीनगर, ऑनलाइन शिकवणारी

मी दुसऱ्या बाजूला बसते. अमेरिकेतल्या मुलांना इथून गणित शिकवते. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा मला थोडी झोप जास्त मिळते.

चौथीतल्या एका मुलाने सांगितलं, १/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण आठ मोठे. मी त्याला चपातीसारखं काहीतरी आणून कापायला लावलं. चार तुकडे, मग आठ. त्याला पटलं, मला बरं वाटलं, तास संपला. त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या पाचवीतल्या मुलीची वही उघडली, तर तिथे तीच चूक. सात समुद्रापलीकडच्या मुलाला मी रोज ‘कसं काढलंस’ विचारत होते आणि घरच्या मुलीला ‘झालं का?’ एवढंच. रडू आलं मला.

तिला मी काही बोलायच्या आधी माझे सासरे म्हणाले, “अगं, पाव किलो मिरच्या जास्त की अदपाव?” ती पटकन म्हणाली, “पाव!” “आणि अदपाव म्हणजे?” “अर्धा पाव.” झालं. सासऱ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी (पाव, अर्धा, पाऊण, दीड, साडेतीनचे पाढे) अजून तोंडपाठ आहे. आता रविवारी दोन तुकड्या : तिकडची मुलं सकाळी, माझी मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी दुपारी, आणि त्या तासाला शिकवतात आजोबा.

सक्करदरा, आजोबा

नातू सेमी इंग्लिशला आहे. खेळातले सगळे आकडे इंग्रजीत, त्यात तो पटाईत. एक दिवस आजीने सांगितलं, “जा रे, भाजीवाल्याले एकोणसाठ रुपये देऊन ये.” हा ६९ देऊन आला. भाजीवाला ओळखीचा, त्याने दहा परत पाठवले. ‘साठ’ ऐकलं की पोराला पुढे सहाच दिसणार, त्यात त्याचं काय चुकलं? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसला ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्या वाचायची पद्धत आली तेव्हा मीही चिडलो होतो. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या, आम्ही ऐकायला तयार नव्हतो. आता वाटतं, त्यांचं थोडं शांतपणे ऐकायला हवं होतं. जुने शब्द मला टिकवायचेच आहेत, पण मुलं कुठे अडखळतात ते बाईंना दिसलं होतं.

मग आम्ही व्हिडिओ कॉलवर हाऊजी सुरू केली. पुण्याची दोन नातवंडं, इथला एक, आजी आणि मी. तिकिटं वहीच्या कागदावर, आकडे १ ते ९०, आणि पुकारायचे फक्त मराठीत. एकोणतीस, एकोणऐंशी, त्र्याऐंशी. पहिल्या शनिवारी गोंधळच गोंधळ. आता पुण्याची सहा वर्षांची पोरगी आजीला सांगते, “आजी, एकोणनव्वद म्हणजे नव्वदच्या आधीचा, तुझ्या तिकिटावर आहे बघ!”

जरीपटका, आठवीतला विद्यार्थी (ताईच्या मोबाइलवरून)

मी जिओजेब्रावर त्रिकोण काढला आणि एक टोक ओढत गेलो. कोन बदलत राहतात पण बेरीज १८० च. मी टोक अगदी खाली ओढून त्रिकोण चपटा केला, तेव्हा दोन कोन शून्याजवळ आणि एक १८० जवळ गेला. सरांना विचारलं, पूर्ण चपटा झाला तर तो त्रिकोण राहतो का? सर म्हणाले, तूच सांग. मी अजून विचार करतोय.

मानेवाडा, पोळ्यांना येणाऱ्या ताई (त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं)

माझा पोरगा पाचवीत आहे. फोन एकच, तो कामावर माझ्यासोबत राहते. म्हणून त्याला तास रात्रीच बघावा लागते, मी घरी गेल्यावर. शिकवणाऱ्या बाई प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी सांगतात, घरात कोणाला तरी हे समजावून सांगा. घरात मीच. मी कणीक मळत असते, तो बाजूला बसून सांगते. मी चौथीपर्यंतच शिकले, मले काही विचारता येत नाही. मी एवढंच म्हणते, “थांब, हे कसं आलं ते पुन्हा सांग.”

मागच्या महिन्यात भागाकार चालू होता. तो म्हणाला, आई, तुझ्या पगाराचं गणित करू. एका घरी महिन्याचे २४०० आहेत. मी तीन दिवस सुट्टी घेतली होती, तर त्यांनी ४०० कापले होते. त्याने लिहिलं, २४०० भागिले ३०, दिवसाचे ८०. तीन दिवसांचे २४०. मी विचारलं, कसं आलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा केलं. परत २४०च आलं.

दुसऱ्या दिवशी ते वहीचं पान घेऊन गेले मी. त्या घरच्या बाईंनी दोनदा वाचलं, आत गेल्या आणि १६० रुपये आणून दिले.